पाण्यात रोवलेले गाव



शेतात जोंधळा निसवला की आपण राखणीसाठी माळा घालतो. चार मेढी रोवायच्या, वर फळ्या टाकायच्या, डोक्यावर पाल्याचे छप्पर करायचे. रानडुकरांपासून पीक वाचावे म्हणून घरातला एखादा माणूस महिना-दीड महिना भुईपासून वर राहतो. सुगी झाली की माळा मोडतो आणि माणूस घरी येतो.

आता अशी कल्पना करा की, एक सबंध गावच माळ्यावर राहत आहे. महिना-दीड महिना नव्हे, पिढ्यान् पिढ्या. खाली शेत नाही, तळे आहे. आणि राखण करायची होती ती पिकाची नव्हे, स्वतःच्या लेकराबाळांची. असे गाव मी होडीतून पाहून आलो. त्याची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे.

मी आजरा तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. माझा आणि आफ्रिकेचा संबंध काय, असे कोणी विचारील. तर तो संबंध आहे काजूचा! आपल्या आजरा-चंदगडकडे, खाली कोकणात, काजूचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांना गावची बी वर्षभर पुरत नाही. ती बाहेरून आणावी लागते, आणि त्यातली बरीचशी पश्चिम आफ्रिकेतून येत आली आहे. माझा एक भाचा अशाच खरेदीच्या कामावर बेनिन देशात कोतोनू शहरी होता. 2019 सालच्या फेब्रुवारीत त्याने आग्रहच धरला, "मामा, पेन्शन घेऊन ओसरीवर बसू नका, एकदा इकडे या." आणि मी गेलो.

मुलांनी नकाशा काढला असेल तर पहा. आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला गिनीचे आखात आहे. त्याच्या वरच्या काठाला नायजेरिया हा मोठा देश, आणि त्याच्या डाव्या हाताला एक उभी चिंचोळी पट्टी. तोच बेनिन. आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा मोठा. पूर्वी तिथे फ्रेंचांचे राज्य होते. 1 ऑगस्ट 1960 रोजी देश स्वतंत्र झाला. त्या वेळी त्याचे नाव दाहोमे. 1975 साली ते बदलून बेनिन केले. दाहोमे हे नाव लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोतोनू शहर समुद्राला लागून आहे, आणि त्याच्या पाठीशी नोकुए नावाचे मोठे सरोवर आहे. पसारा सुमारे दीडशे चौरस किलोमीटर. पण खोली म्हणाल तर फार नाही, पुष्कळ ठिकाणी उंच माणूस उभा राहील एवढेच पाणी. वरून नद्यांचे गोडे पाणी येते, खालून एका कालव्यावाटे समुद्राची भरती आत शिरते. त्यामुळे पुराच्या दिवसांत सरोवर गोडे, आणि कोरड्या हंगामात मचूळ. या सरोवराच्या आत, काठापासून दूर, गान्विए नावाचे गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या वर. तोफिनू जमातीचे लोक. आणि ही सगळी घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर!

आबोमे-कालावी नावाच्या धक्क्यावर आम्ही तिकीट काढले. तिथे होड्यांची ही गर्दी! गावकऱ्यांच्या वेगळ्या, पाहुण्यांच्या वेगळ्या. आम्हांला इंजिनाची होडी मिळाली आणि तिच्याबरोबर एक वाटाड्या. विशी-पंचविशीचा पोरगा, त्याच गावचा. तो फ्रेंच बोले, अधूनमधून इंग्रजी. भाचा मला मराठीत सांगे. होडी सुटण्याआधी वाटाड्याने दोन गोष्टी बजावल्या. एक, होडीत उभे राहायचे नाही. दुसरी, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. पहिली गोष्ट मी पाळली. दुसरीची हकीगत पुढे सांगतो.

त्या दिवसांत सहाराच्या वाळवंटाकडून हरमाटन नावाचा कोरडा वारा वाहतो. त्याने हवेत बारीक धूळ भरलेली होती. सूर्य पितळेच्या ताटासारखा फिका, आणि समोरचा काठ दिसेना. थोडे पुढे गेलो तो पाण्यात कुंपणे दिसू लागली. हजारो फांद्या चिखलात उभ्या खोचलेल्या, जणू कुणी पाण्यात तुरीचे वाळके रान उभे केले आहे. मी विचारले, "हे काय?" वाटाड्या म्हणाला, "ही आमची शेतं."

शेतकरी बंधूंनो, ही शेती ऐकण्यासारखी आहे. तिला तिकडे अकाजा म्हणतात. तळ्याचा एक तुकडा ठरवायचा आणि त्यात झाडांच्या फांद्या दाट रोवायच्या. फांद्या पाण्यात कुजू लागल्या की त्यांवर शेवाळ धरते, बारीक किडे-जीव वाढतात. ते खायला मासे येतात. मोठ्या माशांपासून आणि पक्ष्यांपासून आसरा मिळतो म्हणून तिथेच राहतात, तिथेच वितात. मालकाने काही महिने दम धरायचा. मग जाळ्याने तुकडा चहूबाजूंनी वेढायचा, आतल्या फांद्या उपटून काढायच्या आणि मासळी धरायची. पुन्हा फांद्या रोवायच्या, पुन्हा वाट पाहायची. बियाणे विकत आणायचे नाही, खाद्य घालायचे नाही. आसरा दिला की पीक आपल्या पायाने, म्हणजे आपल्या परांनी, चालत येते!

पण प्रत्येक शेतीचे दुखणे असतेच. फांद्या कुजल्या की बदलाव्या लागतात. मग त्यासाठी काठावरची झाडी तुटते. कुजलेले लाकूड आणि अडलेला गाळ यांनी तळे उथळ होत जाते. शिवाय ज्याच्याजवळ पैसा आहे तो मोठा तुकडा अडवतो, आणि ज्याच्याजवळ नुसते एक जाळे आहे त्याला मोकळे पाणी कमी उरते. यावरून तिथे तंटेही झाले आहेत. मी भाच्याला म्हटले, "अरे, बांधाची भांडणं पाण्यातही आहेत की!" ते ऐकून वाटाड्या मोठ्याने हसला.

धुळीतून हळूहळू गाव दिसू लागले. आधी छपरे. काही गवताची, पुष्कळशी पत्र्याची. मग भिंती, बांबूच्या आणि फळ्यांच्या. आणि मग खालचे खांब. घराला एक जिना, जिना थेट पाण्यात, आणि जिन्याला बांधलेली होडी. आपल्या दाराशी बैलगाडी किंवा सायकल असते ना, तशी. होडीवाचून शेजारच्या घरी जाता येत नाही. पाच-सहा वर्षांची पोरे वल्हे हाणीत बिनधास्त चाललेली. पाणी उथळ असल्यामुळे मोठी माणसे लांब बांबू तळाला टेकून होडी रेटतात. घरांच्या ओळींमधून पाण्याचे रस्ते. त्यांतून न्हावी, दळप, लाकूडफाटा, सगळे होडीतूनच येते-जाते.

एका रुंद जागी बाजार भरला होता. होडीला होडी लागलेली, आणि बहुतेक सगळ्या होड्यांत बायका. कुणी टोमॅटो-मिरच्या घेऊन, कुणी मका, कुणी गरम शिजवलेले अन्न, कुणी तेल-साबण. डोक्यावर परातीएवढ्या रुंद गवती टोप्या. पुरुष मासळी धरतात आणि बायका ती विकतात, अशी तिथली वाटणी. उरलेली मासळी धुरावर सुकवून शहराच्या बाजारात नेतात. म्हणजे घरात रोकड बाईच्या हाती. हे ऐकून आपल्या कोकणातल्या कोळणी आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता तो फोटोचा प्रसंग. एका होडीत एक म्हातारी बसली होती. पुढ्यात धुरवलेल्या मासळीची चवड, आणि हाताने ती माश्या वारीत होती. मला माझी आजी आठवली. कोणाला न विचारता मी मोबाईल वर केला. तिने पाहिले. काही बोलली नाही, रागावली नाही. टोपीची कड नुसती खाली ओढली आणि तोंड झाकून घेतले. तिच्या शेजारच्या दोघी-तिघींनीही तसेच केले. फोटोत आल्या त्या फक्त टोप्या.

श्रोते हो, बत्तीस वर्षे मी मुलांना "परवानगीवाचून दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये" असे शिकवले. आणि दुसऱ्याचा चेहरा मात्र मी न विचारता घ्यायला निघालो! माझी मान खाली गेली. वाटाड्याला मी म्हटले, "आजीबाईंना सांगा, चुकलो." त्याने सांगितले. तिने टोपीखालूनच काहीतरी म्हटले. काय म्हणाली ते विचारले, तर वाटाड्या थोडा घुटमळला, मग म्हणाला, "ती म्हणते, रोज होड्या येतात. बघतात आणि जातात. मासळी कुणी घेत नाही."

आम्ही मासळी घेतली. पण ते मनाच्या समाधानासाठी, हे मलाही कळत होते.

पुढे एका घराच्या सावलीत होडी थांबवून वाटाड्याने गावाची मूळ कथा सांगितली. त्याने सांगितले आणि मी नंतर वाचले, ते मिळून सांगतो.

सतराव्या-अठराव्या शतकांत या किनाऱ्यावर माणसांचा बाजार चाले. पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज अशा युरोपातल्या व्यापाऱ्यांची जहाजे येत. त्यांना अमेरिका खंडातल्या ऊसमळ्यांसाठी, तंबाखूच्या मळ्यांसाठी माणसे हवी असत. ती पुरवण्याचे काम इथलीच काही राज्ये करीत, आणि बदल्यात बंदुका, दारू, कापड घेत. या राज्यांतले बलाढ्य राज्य म्हणजे फॉन लोकांचे दाहोमे. त्याची राजधानी आबोमे. 1724 साली दाहोमेने शेजारचे आलाडा राज्य जिंकले, 1727 साली समुद्रकाठचे वीदा बंदर घेतले. त्यानंतर आतल्या मुलखात धाडी घालायच्या, माणसे धरायची, साखळ्यांनी बांधून वीद्याला न्यायची आणि जहाजात कोंबायची, हा राज्याचा धंदाच झाला. दोनशेहून अधिक वर्षांत या एका किनारपट्टीवरून सुमारे वीस लाख माणसे जहाजांत चढवली गेली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यांतली कितीतरी वाटेतच मेली. वीद्याच्या वाळूवर 1995 साली एक मोठी कमान उभारली आहे. तिचे नाव 'परत न येण्याचे दार'.

अशा धाडींपुढून जीव घेऊन जे लोक पळाले, ते या सरोवरात शिरले. चिखलात खांब रोवले आणि वर राहू लागले. पाण्यात का? वाटाड्या म्हणाला, फॉन सैनिकांना धर्माची आण होती, त्यांनी पाण्यावर जाऊन लढायचे नाही. गावात सगळे हेच सांगतात. याला जोडून दुसरेही कारण ध्यानात घ्यावे. दाहोमेचे सैन्य जमिनीवरचे. होडी चालवणे हा त्यांचा हातखंडा नव्हता. उथळ पाण्यात, लव्हाळ्यांत, नागमोडी वाटांत हे लोक चपळ, आणि ते परके. शत्रूचे बळ जिथे संपते, तिथे यांनी घर बांधले. गान्विए या नावाचा अर्थही गावकरी तसाच सांगतात : 'आम्ही वाचलो, ती वस्ती'.

एक दंतकथाही आहे. म्हणतात, त्यांच्या राजाने बगळ्याचे रूप घेतले आणि उडत जाऊन सरोवरातली ही जागा हेरली. मग मगरीचे रूप घेऊन त्याने आपल्या लोकांना पाठीवरून इथे आणले. कथा ऐकून मला वाटले, ज्याला स्वतःची वाट सापडली तो बगळा झाला. पण जो मागच्यांना घ्यायला परत आला, तो राजा ठरला.

पुस्तकांत, जाहिरातींत या गावाला 'आफ्रिकेचे व्हेनिस' म्हणतात. इटलीतल्या पाण्यावरच्या त्या श्रीमंत शहराची उपमा. मला ती आधी पटेना. कुठे ते संगमरवरी वाडे, आणि कुठे ही बांबूची घरे! पण मागाहून वाचनात आले की, व्हेनिसची मूळ वस्तीही स्वाऱ्यांना भिऊन खाजणात शिरलेल्या लोकांचीच, असे सांगतात. म्हणजे उपमा खरी आहे, फक्त ती देणाऱ्यांच्या मनात असते तशी नव्हे. पाण्यावरचे गाव नवलासाठी उभे राहत नाही. आधी ते भीतीमुळे उभे राहते, नवल पाहणारे मागून येतात.

गुरुजन हो, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. त्या गावात जमीन जवळजवळ नाही. पण शाळेपाशी जमीन आहे! माती होड्यांतून वाहून आणून, पाण्यात भर घालून केलेली. मुले होड्या वल्हवत शाळेला येतात, होड्या बांधतात, आणि पायांखाली भुई लागली की धावत सुटतात. आम्ही गेलो तेव्हा सुटी झाली होती. पोरे नुसती पळत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खेळ असा कुठलाच नाही, पळणे हाच खेळ. आपल्या शाळेतल्या मुलांना धावायला अंगण आहे, हे भाग्य आहे असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

आता तिथले हाल सांगतो, नाहीतर तुम्हांला वाटेल सगळे गोडच आहे. शाळेकडून परतताना एके ठिकाणी होड्यांची रांग दिसली. पिंप, कॅन, घागरी, ताटल्या. मी विचारले, "इथे काय विकतात?" वाटाड्या म्हणाला, "पाणी." चहूकडे पाणी आणि प्यायला पाणी विकत! सरोवराचे पाणी मचूळ, आणि त्यात वीस हजार माणसांचे सांडपाणी, शिवाय शहरातली घाण. म्हणून कूपनलिकेचे पाणी होडीत भरून न्यायचे. पुराच्या दिवसांत आपल्याकडच्यासारखी जलपर्णी पसरते आणि होड्यांच्या वाटा अडवते. खारे पाणी चढले की ती मरते आणि कुजते. खांबांनाही आयुष्य असते. काही वर्षांत ते पाण्याच्या रेषेशी कुजतात, बदलावे लागतात, आणि लाकूड दिवसेंदिवस महाग. अलीकडच्या वर्षांत तिथल्या सरकारने घरे सुधारण्याची, स्वच्छ पाणी देण्याची, कालवे साफ करण्याची योजना हाती घेतली आहे. ती पाहुण्यांसाठी किती आणि गावकऱ्यांसाठी किती, हे गावकरीच सांगू शकतील.

परत फिरताना मी वाटाड्याला सरळच विचारले. म्हटले, "बाबा रे, धाडी घालणारे राज्य गेले, व्यापारी गेले. आता तुम्ही काठावर का येत नाही?"

त्याने इंजिन मंद केले. मागे वळून गावाकडे पाहिले. म्हणाला, "काही जण गेले. पण सगळे कसे जातील? ज्या पाण्यानं आजोबांच्या आजोबांना वाचवलं, ते घाण झालं म्हणून टाकून जायचं, का साफ करायचं?"

मी गप्प बसलो. आपल्याकडेही हा प्रश्न आहेच ना? विहीर आटली, नदी नासली, की आपण गाव सोडून शहराची वाट धरतो. त्यात कुणाचा दोष काढायचा नाही. पोट कुणाला चुकले आहे? पण त्या पोराचा सवाल मला अजून सुटलेला नाही.

गावी आल्यावर शाळेने मला बोलावले. मी मुलांना नकाशा दाखवला, अकाजा फळ्यावर काढून दाखवली, बगळ्याची गोष्ट सांगितली. शेवटी एका चौथीतल्या मुलीने विचारले, "गुरुजी, त्या आजीचा फोटो दाखवा ना." मी मोबाईल काढून तो टोप्यांचा फोटो दाखवला. मुले हसली. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "तिला आवडलं नसेल. आपण तिचं चित्र काढू, टोपी घातलेलं." आणि तिने काढले. होडी, टोपी, मासळीची चवड. चेहऱ्याची जागा तिने कोरी ठेवली आहे.

ते चित्र माझ्या ओसरीवर लावले आहे. पुन्हा कधी तिकडे जाणे झाले, तर तेवढे घेऊन जाईन, आणि आधी मासळी घेईन.